बोर्ड पेटायच्या आधी

दुकानांवरची उजेडाची अक्षरं आम्ही दोघं नवरा-बायको बसवतो. हे परांचीवर चढून वायरिंग करतात, मी खाली. वर जाण्याआधी हे फ्यूज काढून माझ्याकडे देतात आणि मी तो कमरेला खोचते. हे खाली उतरेपर्यंत तो देवाच्या बापालाही द्यायचा नाही.

शिरूरच्या पेठेत कापडाच्या दुकानाचं उद्घाटन होतं. पाहुणे येऊन बसलेले, बॅटरीवरच्या स्पीकरवर सनई कोकलत होती, आणि शेवटची अक्षरं जोडायची राहिलेली. त्यात लाईट गेली. दुकानदाराचे मामा सकाळपासून माझ्या डोक्यावर मिरे वाटत होते.

"फ्यूज द्या बाई. मुहूर्त टळतोय."

"माणूस वर हाय, मामा. न्हाई मिळायचा."

"लाईटच न्हाई, तर भ्या कसलं?"

"मग फ्यूज तरी कशाला पायजे?"

ते फणकारून दुकानामागं गेले. पीडा टळली, असं मला वाटलं. तेवढ्यात मागून जनरेटरची दोरी ओढल्याचा आवाज आला. मी बोळाच्या तोंडाशी धावले. भिंतीवरून एक नवी पिवळी वायर थेट आमच्या बोर्डाच्या पाठीला गेली होती. आम्ही चहाला गेलो तेव्हा मामांनी परस्पर जोडून घेतलेली. माझ्या फ्यूजशी तिचा काही संबंधच नव्हता, आणि ह्यांच्या दोन्ही हातांत उघड्या तारा.

"अहो, हात काढा!" सनईपुढं माझा आवाज कुठला पोचतोय! हे मान खाली घालून तारा पिळत होते. दोरी पुन्हा ओढली गेली. इंजिन फुरफुरून बंद पडलं. मी वायर धरली आणि सगळं अंग टाकून ओढली. मागं जनरेटरला खोचलेली पिन खाडकन निसटली, आणि लगेच इंजिन धडधडू लागलं.

वरून हे खेकसले, "अगं, येड लागलं का? काय उपटतीस?"

मामा तणतणत बाहेर आले. "जनरेटरची वायर कुणी काढली?"

ते ऐकून ह्यांनी हातातल्या तारांकडे पाहिलं आणि त्या सोडून दिल्या.

"म्या काढली," मी म्हणाले. रागाच्या भरात वयाचा मानबिन काही सुचला नाही. "आता तुम्ही वर चढा मामा, तारा धरा. म्हंजी माझ्या हातानं पिन खोचते."

हे कसेबसे उतरून पायरीवर बसले, पाणी मागितलं. ग्लास हातात धरवेना, निम्मं पाणी शर्टावर सांडलं. चार माणसांत मी कधी ह्यांच्या शेजारीसुद्धा बसत नाही. त्या दिवशी भर पेठेत, सगळ्या पाहुण्यांसमोर, मी ह्यांची हनुवटी धरली आणि ग्लास ओठांना लावला.