गाणं नसलेली विनिता

टार्निटच्या विनिताला मेलबर्नच्या मराठी मंडळात आडनावाने कोणी ओळखत नसे. ती 'गाणारी विनिता'. गणपती असो की कुणाचं डोहाळजेवण, विनिता गाणार हे ठरलेलं. मग थायरॉइडचं ऑपरेशन झालं आणि वरचे सूर गेले ते गेलेच. पाठोपाठ लॉकडाऊन आला. आता निदान कोणी गायला बोलावणार नाही, एवढंच काय ते सुख. तेवढ्यात मंडळाची नाटकं बसवणाऱ्या चंद्रहासचा फोन आला. झूमवर नाटक करतोय, सैनिकाच्या बायकोचं काम तू कर, गाणं नाही. विनिताच्या मनात पाल चुकचुकली. गाणं नाही, तर मी कशाला? कीव करतोय की काय हा? बघते, म्हणाली आणि फोन ठेवला.

रविवारी दुपारी तिच्या नवऱ्याने, शैलेंद्रने, टीव्हीवर काउबॉयचा सिनेमा लावला. त्यात शेरीफ झाला होता एक गाजलेला गायक. विनिता सरसावून बसली. शेकोटी पेटली, आता गाईल. भिंतीवर गिटार दिसली, आता तर नक्कीच. नायक गायक असावा आणि त्याने गाऊ नये, हे आपल्या मराठी रक्ताला पटतच नाही. सिनेमा संपला, पण पठ्ठ्या साधा गुणगुणला नाही.

"मग याला घेतलाच कशाला?" विनिता म्हणाली.

"बिकॉज ही कॅन ॲक्ट, आई," लेक कादंबरीने मोबाइलमधून मान वर न करता सांगितलं.

विनिताला ते उत्तर पुरेना. तिने सिनेमा पुन्हा लावला. शेरीफ आपल्या मुलाच्या थडग्यापाशी उभा राहतो, तो भाग मागे नेऊन नेऊन पाहिला. तेव्हा कुठे दिसलं. लांबलचक ओळ गायच्या आधी भरतात तसा त्याने पोटातून श्वास भरला होता, आणि वापरलाच नव्हता. नुसता सोडून दिला होता. तिला आनंद झाला, थोडा हेवाही वाटला. तिने चंद्रहासला हो कळवलं.

झूमवरच्या प्रयोगात सैनिक नवरा गेल्याची बातमी आली. विनिताने तोंड उघडून पोटातून श्वास भरला आणि नुसता सोडून दिला. चॅटमध्ये धडाधड सूचना सुरू झाल्या, "विनिता, म्यूट आहेस!" ग्लेन वेव्हर्लीहून प्रयोग बघणाऱ्या पद्मामावशींना तर राहवेना. त्या मध्येच बोलल्या, "अगं, तुझा आवाज येत नाहीये."

विनिताने सरळ कॅमेऱ्यात पाहिलं. "नाही येत, मावशी. आता असंच ऐकायचं."

चॅट थांबलं. मावशींना मात्र स्वतःचा माइक बंद करायचं सुचलं नाही, आणि त्यांचं मुसमुसणं सगळ्या मंडळाने ऐकलं.