परबकाकांची शेवंती

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सासूबाईंना नाही, आणि ज्यांना सांगायला हवं होतं त्या परबकाकांना तर नाहीच. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून कदाचित जमेल — बघते.

जोगेश्वरीला आमच्या हॉलमध्ये एक अख्खी भिंत अडवून मोठा टँक आहे. माझा छंद. त्यात एकच मासा — रेड टेल कॅटफिश. गोरेगावच्या दुकानातून आणला तेव्हा बोटाएवढा होता, मिशा हलवत फिरायचा, गोंडस दिसायचा. दोन वर्षांत हातभर झाला. दिवसभर लाकडाच्या ओंडक्याखाली मिशा पसरून बसतो, म्हणून त्याचं नाव शेठ. शिकारी मासा म्हटलं की लोकांना वाटतं सतत मारामारी, पाठलाग. तसं काहीच नसतं. शेठला राग येत नाही, तो कुणाच्या मागे लागत नाही. तोंडात मावेल ते गिळतो, मावणार नाही त्याच्याकडे बघतही नाही.

परबकाका समोरच्या दारातले. एकटे. काकू गेल्यावर त्यांच्या घरात जिवंत असं एकच राहिलं होतं — काकूंनी सहा वर्षं वाढवलेली गोल्डफिश. पिवळीधमक, म्हणून शेवंती. काका सकाळी चहाचा कप घेऊन तिच्यासमोर बसायचे आणि आज भाजी कुठली आणली तेही तिला सांगायचे. आम्ही हसायचो. पण ते बोलणं माशाशी नव्हतं, एवढं मलाही कळत होतं.

गणपतीला काका मालवणजवळ गावी जातात. दोन वर्षांपूर्वीही गेले. घराची चावी माझ्याकडे, दाण्यांचा डबा माझ्याकडे. रोज दोन चिमटी, बस.

इकडे आमच्या घरात श्रावण लागला की थेट अनंत चतुर्दशीपर्यंत मासळी बंद. सासूबाईंचा नियम असा कडक की शेठसाठीची कोळंबीसुद्धा फ्रीजमध्ये चालत नाही. "त्यालाही पाळू दे की," म्हणाल्या होत्या. विकतच्या दाण्यांना शेठ तोंड लावेना. आता तुम्ही म्हणाल, भुकेला होता बिचारा, म्हणून — नाही हो. असे मासे कितीतरी दिवस उपाशी राहतात, त्यांना काही होत नाही. मला ते माहीत होतं. मग?

रविवारची दुपार होती. नवरा बाहेरगावी, सासूबाई खाली मंडळात भजनाला. मी शेवंतीला बादलीत घालून आमच्या घरी आणलं. स्वतःशी म्हटलं, रोज रोज कुठे कुलूप उघडत बसायचं? समोरचं दार, चार पावलं — त्याचा कसला आलाय त्रास? मग म्हटलं, एवढी मोठी शेवंती शेठच्या तोंडात थोडीच मावणार आहे. हेही खोटं. त्याचं तोंड केवढं उघडतं हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक?

मला बघायचं होतं. झालं, सांगितलं. मला ते बघायचं होतं.

तिला सोडलं. नव्या पाण्यात गोंधळली, आणि मग काचेला तोंड लावत माझ्याकडेच येत राहिली — माणूस दिसलं की दाणे मिळतात, एवढंच तिला माहीत. शेठ जागचा हललासुद्धा नाही. फक्त मिशा हलल्या. मग ती जरा खाली गेली आणि — काय सांगू — नीट काही दिसलंच नाही. तोंड उघडलं, मिटलं. काचेतून 'टप्प' असा आवाज आला. पिवळी शेपटी क्षणभर बाहेर राहिली, मग तीही गेली. शेठ पुन्हा ओंडक्याखाली, पोट तेवढं फुगलेलं. मी सुन्न होऊन उभी राहिले.

म्हणजे — असं मला आठवत होतं. पण मी फोनवर व्हिडिओ काढत होते. सोळा सेकंदांचा. महिनाभराने धीर करून तो लावला, तर त्यात एक बाई ऐकू येते. लहान मुलाला भरवताना म्हणतात तसं म्हणतेय, "खा, खा रे राजा." आणि शेवटी हसते. मी तीनदा ऐकलं. हा माझा आवाज? मी हसल्याचं मला खरंच आठवत नाही. पण घरात दुसरं कुणी नव्हतं. तो व्हिडिओ अजून फोनमध्ये आहे.

इथवर थांबले असते तरी... पण काका परत आले. हातात आमच्यासाठी खाज्याची पुडी. दारातूनच विचारलं, "शेवंती काय म्हणता गो?"

निघताना काकांनी राहवेना म्हणून मूठभर दाणे जास्तीचे पाण्यात टाकले होते. मी त्याच दिवशी ते जाळीने काढून पाणी बदललं होतं, काही बिघडलं नव्हतं. पण त्या क्षणी मला नेमकं तेच आठवलं. किती पटकन आठवलं, याचाच मला आजही धक्का बसतो. म्हटलं, "काका, तुम्ही जाताना दाणे फार टाकलेत. पाणी नासलं." तिला खाली जास्वंदीपाशी पुरलं, असंही सांगून टाकलं.

ते रडले नाहीत. पुडी माझ्या हातात दिली. "म्हंजे माज्याच हातान मेली गो ती," एवढंच म्हणाले. आणि मी नाही म्हटलं नाही. खाली जाऊन ते बराच वेळ त्या जास्वंदीपाशी उभे होते, मी खिडकीतून पाहत होते.

त्यानंतर काकांनी मासा आणला नाही. आम्ही म्हटलं तरी नाही. "माका जमाचा नाय," म्हणतात. मात्र रविवारी आमच्याकडे येतात, डब्यात सोललेली कोळंबी घेऊन, शेठला भरवायला. शेठ त्यांना ओळखतो आता, ओंडक्याखालून वर येतो. काका एक सोडतात, दुसरी सोडतात. तिसरी चिमटीत धरून पाण्यावर हात थांबवतात आणि माझ्याकडे वळून विचारतात, "बाय, जास्त तर होवची नाय ना?"

दर रविवारी विचारतात. मी म्हणते, "पुरे, काका."

ते तिसरी कोळंबी परत डब्यात ठेवतात.