दोंडाईचा ते धुळे, चंपीशिवाय

दोंडाईच्याला जायचं तर जळगावहून सकाळची पॅसेंजर गाठा, खिडकी पकडा आणि डबा घरचाच घ्या. हा सल्ला मी सगळ्यांना देतो. स्वतः मात्र कित्येक वर्षांत त्या वाटेला गेलेलो नाही.

गोष्ट नव्वदच्या दशकातली. अपंगांसाठी नवा कायदा झाल्याचं पेपरात वाचलं आणि मला चेव चढला. माझे थोरले काका, नाना, दोंडाईच्याला एकटे राहत. देवीच्या साथीत लहानपणीच त्यांचे डोळे गेलेले. म्हटलं, धुळ्याला नेऊन दाखला काढू, बसची सवलत मिळेल. नानांना कुठं जायचंच नव्हतं, पण मी कुणाचं ऐकतो थोडंच!

पोचलो त्या दिवशी दोंडाईच्याच्या मिरची बाजारात ठसक्यानं मी शिंकून बेजार, आणि नाना ताठ चालताहेत. पुढे, हातातल्या दोरीला, त्यांची कुत्री चंपी. तिच्या गळ्यात बैलाच्या माळेतलं एक घुंगरू. नानांनी तिला एकच धडा दिला होता: घुंगरू माझ्या कानाआड जाऊ द्यायचं नाही. खड्डा आला की ती थांबायची, मग नाना थांबायचे.

दुसऱ्या दिवशी धुळ्याच्या बसच्या दारात कंडक्टरनं हात आडवा धरला.

"कुत्रं आत नाही घेता येणार, भाऊ. नियम आहे."

"ती मना डोया शे," नाना त्यांच्या अहिराणीत म्हणाले. डोळाच होती ती त्यांचा.

कंडक्टर बिचारा वरमला, पण हटला नाही. दाखल्याचे डॉक्टर आठवड्यातून एकच दिवस बसायचे, बस सुटायला आलेली. मी नानांच्या हातातली दोरी सोडवली, चंपीला "घर जाय" म्हणून दटावलं आणि नानांना आत ओढलं. घर हाकेवर होतं. जाईल आपली, असं वाटलं मला.

गाव सुटलं तसे नाना ताठरले. "घुंगरू वाजी ऱ्हायनं."

मी मागे वळून पाहिलं. धुरळ्यातून ती धावत येत होती. धडा पाठ होता ना तिला! बस थांबवा, एवढं म्हणायला काय जात होतं माझं? पण म्हणालो नाही. थोड्या वेळानं नाना पुटपुटले, "आते ऐकू येत नही."

"घरी गेली असेल," मी म्हणालो.

धुळ्यात शेवभाजी झणझणीत मिळते. नानांनी घास उचलला नाही. तपासणी झाली, दाखल्याचं काम झालं. सवलतीच्या फॉर्मवर कारकुनानं विचारलं, "सोबती कोण? त्यालाही सवलत आहे."

"चंपी."

"पूर्ण नाव?"

"कुत्री शे."

मागची माणसं हसली. कारकून हसला नाही. "आबा, कायद्यात जनावराचं काही लिहिलेलं नाही. माणूस सांगा."

मी माझं नाव दिलं. वर्षातून दोन दिवस येणारा मी!

परतताना उन्हं उतरली होती. वाटेतलं चिमठाणे गाव मागे पडल्यावर रस्त्याच्या कडेला ती मरून पडलेली दिसली. मी खिडकीची काच ओढून घेतली. नानाच म्हणाले, "दिसनी ना? बस थांबाड. घुंगरू ली ये."

कंडक्टरनं एका शब्दानंही न कुरकुरता बस थांबवली. मी उतरून दोरीसकट घुंगरू सोडून घेऊन आलो.

पुढे नाना घराच्या ओट्यावरून फारसे उठलेच नाहीत. ते गेल्यावर त्यांच्या पत्र्याच्या पेटीत दाखला आणि सवलतीचं कार्ड मिळालं, घुंगराला गुंडाळलेल्या दोरीखाली. तुमच्याकडे असं कुणी असेल, तर निघण्याआधी नियम विचारून घ्या. आणि त्याच्या सोबत्याला नाही म्हणाले, तर जाऊ नका.

कार्डावरचे प्रवासाचे रकाने कोरे होते. एकही प्रवास नाही. सोबती म्हणून माझं नाव मात्र अजून स्वच्छ वाचता येतं.