कावळ्यांशिवायचा पितृपक्ष

मेलेला उंदीर नानांच्या पायरीवर पडला होता आणि नाना मला त्याच्याकडे बघूच देत नव्हते.

"उंदीर ऱ्हाऊ द्या सायब, आधी त्या भाडोत्र्याला बगा. संध्याकालच्या आत त्याला गावाला धाडायचा हाय."

साल चौऱ्याण्णव. सुरतेतल्या प्लेगच्या बातम्या रोज पेपरात येत होत्या. मी तेव्हा नवी मुंबईत हेल्थ इन्स्पेक्टर होतो. एरवी काम म्हणजे डासांची डबकी शोधणं आणि तापाच्या माणसांचं रक्त घेणं. सानपाड्याच्या पुढे खाडीकाठचं हे जुनं गाव, आणि नाना तिथले घरमालक. शेती शहरात गेली, उरलेल्या जागेवर त्यांनी चाळ बांधली. चाळीत साताऱ्याकडचा मारुती राहायचा. धान्यबाजारात माथाडी, म्हणजे पोती वाहणारा. तो तापानं पडला आणि त्याच सुमारास गावात उंदीर मरायला लागले.

उंदीर असे आपोआप पटापट मरू लागले की आम्ही त्याला 'रॅटफॉल' म्हणतो. प्लेगची ही पहिली खूण. उंदीर थंड पडला की त्याच्या अंगावरच्या पिसवा दुसरं गरम अंग शोधतात. 

पण उंदीर दिसायच्या आधीपासून, गावात शिरल्यापासून, काहीतरी खटकत होतं. पाऊस उघडला होता, अंगणात सुकट वाळत घातली होती. म्हाताऱ्या काठ्या घेऊन राखणीला बसल्या होत्या, पण काठी कोणीच उचलत नव्हतं. सुक्या मासळीच्या त्या गावात एकही कावळा नव्हता.

त्यात पितृपक्ष. छपरांवर केळीच्या पानांत वाढलेले घास तसेच सुकत पडले होते. कावळा घासाला शिवला म्हणजे पितर जेवले, अशी समजूत.

"सासऱ्यांचा घास सकालपासून पडलाय," नानांची बायको हिरावहिनी हळूच म्हणाल्या. "रागावलेत ते."

मी असलं काही मानत नाही. तरी त्या पानाकडे बघवेना.

चाळीत मारुतीची बायको सुनंदा ट्रंक भरत होती. "दिसाआड थंडी वाजतीया सायेब. लई हुडहुडी भरती," ती म्हणाली. मी मारुतीच्या काखा बघितल्या, जांघा चाचपल्या. प्लेगची गाठ तिथे येते. गाठ नव्हती. खोकलाही नव्हता. बोट टोचून काचेवर रक्ताचा थेंब घेतला, स्लाइड आमच्या जीपच्या ड्रायव्हरबरोबर वाशीच्या लॅबला पाठवली आणि नानांच्या घरून तिथल्या डॉक्टरांना फोन लावला.

"अँब्युलन्स पाठवू का?"

"सर, ती गाडी दिसली की गाव रिकामं होईल. सगळे मिळेल त्या एसटीत बसतील."

"आणि हा माणूस साताऱ्याला गेला तर?"

 प्लेग असला तर तो घाट चढून जाणार होता. प्लेग नसला तरी मारुती वाटेत दगावला असता.

"रिपोर्ट येईपर्यंत त्याला हलू देऊ नका," डॉक्टर म्हणाले.

बाहेर आलो तर चाळीसमोर मारुतीला न्यायला टेम्पो उभा. भोवती गावातले पुरुष. कोणी शिवी देत नव्हतं, कोणी ओरडत नव्हतं. सगळे नुसते मारुतीच्या दाराकडे बघत होते. 

काहीतरी करायचं म्हणून पायरीवरच्या उंदराकडे वळलो. पिसवा मारायची पावडर टाकली, चिमट्यानं उचलून पिशवीत टाकायला लागलो आणि तोंडावरच्या फडक्यातूनही वास आला. लसणीचा.

"वहिनी, आज लसूण वाटलीय?"

"पितर हाय ना घरान. लसून कसा वाटीन?"

उंदीर मारायचं एक काळं औषध असतं, झिंक फॉस्फाईड. त्याला लसणीसारखा वास येतो. मी नानांना घरामागे नेलं.

"नाना, औषध टाकलंत?"

ते छपराकडे बघत राहिले. "हिला नका सांगू. पितरांच्या दिवसांन जीव मारू नये. पन सुरतेचा आयकला आन् राहवला नाय. मारुतीलाच सांगितला, बाजारातून आन म्हनून."

"मग उंदीर कशानं मेले ते तुम्हाला ठाऊक होतं."

"माझे घरातले औषधानं. पन सगल्या गावातले?"

टेम्पोभोवतीच्या पुरुषांना एकेकाला बाजूला घेऊन मी हाच प्रश्न विचारला. प्रत्येकानं त्या औषधाच्या, पिठात मळलेल्या गोळ्या टाकल्या होत्या. प्रत्येकानं घरच्यांपासून आणि शेजाऱ्यापासून लपवलं होतं. आणि बाकी गावातले उंदीर प्लेगनं मेले, अशी प्रत्येकाची खात्री होती. कौलांखालच्या त्या गोळ्या आणि मेलेले उंदीर कावळ्यांनी खाल्ले होते, आणि तेही मेले होते.

"हे तुम्ही सगळ्यांसमोर बोललात तरच टेम्पो मारुतीला न घेता हलेल," मी नानांना म्हणालो.

ते बायकोसमोर बोलले. मग खालमानेनं बाकीचेही बोलले. हिरावहिनी आत निघून गेल्या. टेम्पो रिकामा परत गेला.

स्लाइडमध्ये मलेरिया निघाला, मेंदूत जाणारा, वाईट जातीचा. औषध वेळेवर सुरू झालं. उंदीर तरीही लॅबला पाठवले. प्लेग नव्हता.

सर्वपित्रीला मारुतीला बघायला गेलो. तो उठून बसला होता, सुनंदा त्याला भाताची पेज पाजत होती. बाहेर प्रत्येक छपरावर पान होतं आणि प्रत्येक पानाखाली एक पुरुष मान वर करून उभा होता. आभाळात काही नव्हतं.

"सायब, कावले परत कधी येतील?" नानांनी विचारलं.

आमच्या ट्रेनिंगमध्ये ते शिकवलं नव्हतं. पुढे रिटायर होईपर्यंत साथीच्या गावात गेलो की मी थर्मामीटर नंतर काढायचो. आधी प्रत्येकाला एकटं गाठून विचारायचो, तुम्ही काय टाकलंत?