नोलीनची चिकटपट्टी

विमेराच्या मेंढ्यांच्या मुलखातल्या त्या छोट्या इस्पितळात जे हलेल, गळेल, निसटेल ते नोलीन प्राउस चिकटपट्टीने चिकटवायची. रुग्णांना औषध सोडणाऱ्या नव्या पंपांची दारं आपोआप उघडू लागली, तेव्हा तिने प्रत्येकावर पट्टी मारली आणि चहाला गेली. तक्रार कोण लिहीत बसणार? नर्सची जातच अशी, हात आधी चालतो आणि तोंडाला संधीच मिळत नाही.

मग मर्व्ह हॅड्रिक दाखल झाला. उभा जन्म मेंढ्या कातरण्यात घालवलेला, आता हृदय खिळखिळं. औषध अखंड पंपातूनच जायचं, आणि पंप कमरेला बांधून त्याला शेतावर जायचं होतं. तिथे तो एकटाच.

"दार उघडलं की औषध बंद. मग पट्टी मारायला तू येणार का?" त्याने विचारलं.

नोलीनला स्वतःचाच भयंकर राग आला. तिने त्याच दिवशी सरकारकडे तक्रार लिहायला घेतली, पण त्याला बजावलंही, "पंप परत गेले, तर तू इथेच अडकशील. नवे यायला महिने लागतील."

"माझ्याकडे महिने कुठायत? तरी कर."

चौकशीला सरकारी बाई आल्या. सोबत कंपनीचा माणूस, शर्टाला इतकी कडक इस्त्री की बसायचीच पंचाईत.

"आजवर दाराची एकही तक्रार नव्हती," तो म्हणाला.

"कशी असेल? पट्ट्या मारणारी ही बया तुमची फुकटची वकील," म्हणत मर्व्हने आपल्या पंपावरची पट्टी ओढून काढली.

दार उघडलं, पंप किंचाळला. नोलीनने झटकन अंगठ्याने दार दाबलं. "याला माझ्या अंगठ्यासकट घरी पाठवू का?"

एकेका खाटेवरच्या पट्ट्या निघाल्या. सगळ्या नर्सा पंपांवर अंगठे रोवून उभ्या राहिल्या. सरकारी बाईंनी स्वतःही एक दार दाबून धरलं, कारण नर्सा कमी पडत होत्या.

पंप परत गेले. मर्व्ह जुन्या, अवजड यंत्राला जखडून खाटेवरच राहिला आणि जेवणाला शिव्या घालू लागला.

रविवारी, सुट्टीच्या दिवशी, डॉक्टरांशी भांडून नोलीनने यंत्रासकट त्याला गाडीत घातलं आणि शेतावर नेलं. मेंढ्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. तो मात्र दुपारभर कुंपणाशी बसून त्यांना नावं ठेवत होता.

"पुढच्या रविवारीही," परतताना तो म्हणाला.

"पेट्रोल तुझं," ती म्हणाली, आणि डोळे पुसायला तिने गाडी बाजूला घेतली.