अप्पांचं अक्षर पुण्यात दिसेना

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही — आणि बायकोपासून काही लपवणं म्हणजे काय असतं, ते लग्न झालेल्यांना विचारा! तुम्ही मात्र ऐका.

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातली आमची दोन मराठी मंडळं एक झाली, त्या वर्षीची गोष्ट. एक जुन्या दरबारी घरांचं, दुसरं फौजेतल्या घरांचं. एकत्र यायचं ठरलं खरं, पण नाव कुणाचं आधी, गणपती कुणाचा — नुसती तू-तू मैं-मैं. एकाच गोष्टीवर सगळ्यांच्या माना डोलल्या: नव्या वेबसाइटवर अक्षर अप्पांचं. दोन्ही मंडळांचे फळे वर्षानुवर्षं अप्पाच लिहीत आलेले. काय ते अक्षर, वा!

इंदरगंजात माझं कॉम्प्युटरचं दुकान, म्हणून काम माझ्या गळ्यात. अप्पांकडून एकेक अक्षर लिहून घेतलं, त्याचा फॉन्ट केला, साइट चढवली आणि दुकानात सगळ्यांना दाखवली. टाळ्याच टाळ्या! मी छाती फुगवून म्हणालो, "अप्पा, आता सगळ्या जगात तुमचं अक्षर!"

अप्पांनी तिथूनच पुण्याला लेकीला फोन लावला, स्पीकरवर. सुषमाताई म्हणाल्या, "साइट दिसतेय अप्पा, पण अक्षर तुमचं नाहीये. नेहमीचंच आहे, छापील."

चूक माझी, हे मला लगेच कळलं. फॉन्ट माझ्या मशीनमध्ये होता, म्हणून मला दिसत होता. तो साइटबरोबर वर चढवावा लागतो — आणि नेमकं तेच मी विसरलो होतो. अप्पांचं सगळं जग म्हणजे माझं एवढंसं दुकान! सांगायला किती वेळ लागला असता? पण समोर दोन्ही मंडळं बसलेली — आणि त्या टाळ्या...

"ताईंचा कॉम्प्युटर जुना असेल," मी म्हणालो.

"नवा आहे हो," ताई म्हणाल्या. झालं! अप्पा भडकले. "नवा आहे तर दिसत कसं नाही? बापाचं अक्षर विसरलीस तू! पुण्याची झालीस, आता इथलं काय दिसणार तुला?"

ताई रडायला लागल्या. सगळ्यांनी ऐकलं. आणि मी? मी कचोऱ्या वाटत होतो.

सगळे गेल्यावर फॉन्ट चढवला. चुटकीसरशी झालं काम.

सकाळी ताईंचा फोन आला तेव्हा अप्पा माझ्याच दुकानात होते. "अप्पा, दिसलं! तुमचंच अक्षर. काल मीच नीट बघितलं नसेल. चुकलं माझं." अप्पा "चलता है बेटा," म्हणाले. आत्ता तरी बोल, गाढवा — असं मनात आलं. नाही बोललो. भित्रा होतो, दुसरं काय?

ताई ग्वाल्हेरला आल्या की अजून आधी माझ्याकडे येतात, बाकरवडी घेऊन. "भाऊ, तुमच्यामुळे अप्पांचं अक्षर मला रोज दिसतं."

मी बाकरवडी घेतो. म्हणतो, "अहो ताई, त्यात काय!"