सोन्याच्या आरशावरचं तेल

कोह अंकलना मोठ्यानं बोलताना मी कधी ऐकलं नाही. मी मात्र पडले चिंचवडची, तोंडाची टकळी बंद म्हणून होत नाही. सिंगापुरातल्या बुकित बातोकच्या इंडस्ट्रियल भागातल्या एका छोट्या प्रयोगशाळेत मी २०१३ साली लागले, तेव्हा साठी ओलांडलेले हे चिनी गृहस्थ माझे सीनियर होते. अवकाशातल्या दुर्बिणींच्या आरशांचे नमुने आम्ही तपासायचो. बेरिलियमच्या तळहाताएवढ्या चकत्या, त्यांवर सोन्याचा मुलामा.

"साधं ॲल्युमिनियम काय वाईट होतं?" मी पहिल्याच आठवड्यात विचारलं.

"बेरिलियम हलकं, ताठ, आणि भयंकर थंडीतही आकार सोडत नाही. सोन्यावरून ताऱ्यांची उष्णता चांगली परत फिरते. पण हा दागिना नाही, संजीवनी. थर केसाच्या जाडीचा हजारावा हिस्सा. बोट लागलं की संपलं, लाह."

बोट लागलं की संपलं, हे दिवसातून दहादा, शेवटी इथल्या बोलीतलं 'लाह' जोडून. क्रीम नको, अत्तर नको. निर्वात पेटीत तेलाची वाफ होते आणि ती आरशावर जाऊन बसते. त्यांचे स्वतःचे गुडघे दुखायचे, रात्री ते औषधी तेल चोळायचे; पण सकाळी साबणानं घासून आंघोळ केल्याशिवाय कामावर पाऊल ठेवायचे नाहीत. तरी सगळे त्यांना 'ऑइल अंकल' म्हणायचे. मीसुद्धा म्हणायचे, खोटं कशाला बोलू?

२०१४ची दिवाळी. नरक चतुर्दशीला इथे सार्वजनिक सुट्टी असते, पण पेटीतला नमुना नेमका त्याच सकाळी बाहेर काढायचा होता. आम्ही दोघंच गेलो. पहाटे मी साग्रसंगीत अभ्यंगस्नान केलं होतं. डोक्यावर चांगलं वाटीभर खोबरेल थापलेलं, आणि उटण्यानं ते कुठलं निघतंय! अंकलसाठी डब्यात चकल्या नेल्या. मग डोक्यापासून पायापर्यंत पांढरा सूट चढवून आत गेलो. काम करताना कपाळावर एक बट सुटली, ती मी टोपीखाली सारली. हातमोज्यानंच. त्याच हातमोज्यानं चकती उचलली. दिवाळीच्या नादात माझ्या ते लक्षातही आलं नाही.

दोन आठवड्यांनी रिपोर्ट आला. सोन्यावर तेलाचा थर, माणसाच्या स्पर्शातून आलेला. कुठलं तेल, ते त्यात नव्हतं. मला मात्र वाचताक्षणी ती बट आठवली.

आमचे मॅनेजर निशिकांत सर म्हणाले, "आत तुम्ही दोघंच होतात." आणि सगळ्यांच्या नजरा अंकलच्या गुडघ्यांकडे गेल्या.

मी गप्प बसले. आयुष्यात एकदाच गप्प बसले, आणि तेही नको तिथे. माझ्या एम्प्लॉयमेंट पासचं, म्हणजे इथे काम करायच्या परवान्याचं, नूतनीकरण अडकलं होतं, माझ्या नवऱ्याची, सौमित्रची नोकरी नुकतीच गेली होती, टॅम्पिनीसचा फ्लॅट नवीन घेतला होता भाड्यानं. कारणं काय, मागाल तेवढी देईन. अंकल टेबलापलीकडून माझ्याकडे बघत होते. मला वाटलं, बिचारे आधार शोधताहेत. मी मान खाली घातली.

त्यांचा वर्षाचा करार महिनाअखेरीस संपत होता. तो पुढे वाढवला नाही.

चार वर्षांनी, टॅम्पिनीसच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे स्वस्त खाण्याच्या गाळ्यांच्या मंडईत, कुणीतरी माझ्यासमोरचं टेबल पुसायला आलं. निळा ॲप्रन, हातात उष्ट्या ताटल्यांची चळत. कोह अंकल. कचऱ्याचा कण दिसला तरी अस्वस्थ होणारा माणूस दुसऱ्यांची उष्टी काढत होता. मला रडूच फुटलं. तिथेच, लोकांदेखत, मी भडाभडा सगळं सांगून टाकलं. बट, हातमोजा, खोबरेल, सगळं.

त्यांनी टेबल कोपऱ्यापर्यंत नीट पुसलं.

"मला माहीत होतं," ते म्हणाले. "दारातच खोबऱ्याचा वास आला होता. परत पाठवायला हवं होतं तुला. पण तुझा सण होता. चकल्या आणल्या होत्यास."

"मग सांगितलं का नाही कुणाला?"

त्यांनी ताटल्या उचलल्या. "तू सांगशील, असं वाटलं होतं. शेवटच्या दिवसापर्यंत वाट पाहिली मी."